पाटीवरचा एकच शब्द

गुरुजींवर लिहायचा मला काय अधिकार, हा प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारला. माणसांबद्दल लिहावं ते लिहिण्यात मुरलेल्यांनी. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. अजूनही एखादं वाक्य पूर्ण झालं की मागून कोणी तरी येऊन ते खोडेल असं मला वाटत राहतं. शिवाय गुरुजींचा आणि माझा संबंध तरी केवढा? मी पांढुर्ण्यात बी.ए. करत होतो तेवढी वर्षं त्यांचा भाडेकरू होतो. त्यांच्या वर्गात मी कधी बसलो नाही. मी आलो तेव्हा ते शाळेतून निवृत्त झालेले होते. तरीही लिहितो आहे, कारण परवा नागपूरच्या संत्राबाजारात मला त्यांची एक बातमी कळली आणि ती मनातून जात नाही. काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी माफ करावं. गुरुजी करणार नाहीत. ते म्हणतील, "वाक्य पुन्हा कर."

त्यांच्या दारातून आत गेलं की डाव्या हाताला भिंतीवर एक पाटी टांगलेली असे. शाळेतलीच जुनी दगडी पाटी, लाकडी चौकटीची, एका कोपऱ्यात तडा गेलेली. वरच्या बाजूला गुरुजींच्या वळणदार अक्षरात एक शब्द, खाली मोकळी जागा, आणि सुतळीला बांधलेली पेन्सिल. घरी येईल त्याने त्या शब्दाचं वाक्य करायचं. चहा मग. पूर्वी म्हणे दर सोमवारी शब्द बदलायचा. मी आलो त्याच्या कितीतरी आधीपासून मात्र तिथे एकच शब्द होता: अप्राप्य. लोकांनी लिहिलेली वाक्यं गुरुजी रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसत, शब्द ठेवत. तो फिका झाला की वरून गिरवत.

काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, या पाटीवर चिडून असत. "ह्या शब्दापायी माह्या किती पाहुण्यांचा चहा थंडा झाला," त्या म्हणायच्या. "मिळत नाई ते अप्राप्य. झालं ना? आता आनखी काय पाह्यजे यायले?"

पण गुरुजींचं तेवढ्याने होत नसे. मिळत नाही, हे खरं; पण का मिळत नाही, हे त्यांना हवं असे.

आता मी तिथे कसा पोचलो ते सांगतो. माझं गाव रामाकोन्याजवळ. वडील संत्र्याच्या बागेत मजुरी करत. सौंसरहून बसने मी पांढुर्ण्याला आलो, कॉलेजात नाव घातलं आणि खोली शोधायला निघालो. पहिल्या घरी विचारलं, "आडनाव काय?" सांगितलं. खोली कालच गेली होती. दुसऱ्या घरीही कालच गेली होती. तिसऱ्या घरच्या बाईंनी खोली दाखवली, खिडकी उघडून दाखवली, मग आडनाव विचारलं, आणि त्यांना आठवलं की भाचा येणार आहे. आम्ही बौद्ध. हे कसं ओळखतात याचं मला तेव्हाही नवल वाटलं नाही, आजही नाही. बसस्टँडवर बसून मी परत जायचा विचार करत होतो तेव्हा चहावाल्याने सांगितलं, "त्या गुरुजीकडं जाऊन पाहा. मानूस जरा सटकेल हाये, पन खोली हाये."

गुरुजींनी दार उघडलं. उंच, वाळलेले, घरातही पांढरी टोपी घातलेली. माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे बोट केलं.

"वाक्य कर."

मला वाटलं परीक्षा आहे. पेन्सिल हातात घेतली. दिवसभर चालून चालून डोक्यात दुसरं काही उरलंच नव्हतं. मी लिहिलं: 'पांढुर्ण्यात मला खोली अप्राप्य आहे.'

गुरुजींनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. माझं आडनाव त्यांनी विचारलं नाही. मला वाटतं, वाक्यातच त्यांना ते दिसलं.

"चूक," ते म्हणाले. "खोली आहे. वर आहे. नळ खाली आहे." मग माझ्या हातून पेन्सिल घेऊन त्यांनी माझं वाक्य खोडलं. "ही अप्राप्य नव्हती बाबू. ही मनाई होती. दोन्हीची गल्लत करू नको. मनाई माणसाने केलेली असते."

आतून काकूंचा आवाज आला, "भाडं तरी सांगा त्याले, का वाक्यावरच देता खोली?"

मी वर राहायला लागलो.

गुरुजींची चाळणी मग मला हळूहळू कळली. लोक ज्या ज्या गोष्टीला अप्राप्य म्हणत, त्यातून ते काही ना काही गाळून काढत. कॉलेजातल्या एका मित्राने लिहिलं, 'मुंबईचं विमान मला अप्राप्य आहे.' गुरुजी म्हणाले, "ते महाग आहे." दुसऱ्याने ऐटीत लिहिलं, 'चंद्र.' गुरुजी म्हणाले, "तिथं माणसं जाऊन आली. तुला उशीर झाला." तिगावहून रोज येणाऱ्या एकाने लिहिलं की एक्स्प्रेस गाडी तिगावला थांबत नाही, म्हणून ती त्याला अप्राप्य आहे. गुरुजींनी त्याला बसवून शांतपणे समजावलं, "पांढुर्ण्याला थांबते ना? एक स्टेशन मागे यायचं. याला अडचण म्हणतात."

गवळ्याला लिहिता येत नसे, म्हणून तो तोंडी सांगे. एकदा गुरुजीच त्याला म्हणाले, "मी सांगू वाक्य? निर्भेळ दूध अप्राप्य आहे."

"गुरुजी, हे तं तुमी मले टोमना मारून राहिले."

"नाही. मी विचार करून राहिलो. म्हशीजवळ ते असतंच. मग वाटेत कुठे जातं? म्हणजे हे वाक्यही चूक."

गवळी काकूंकडे पाहून म्हणाला, "उद्यापासून म्हैसच आनतो दारात." आणि काकू पदर तोंडाला लावून हसल्या.

काकूही कधीमधी पाटीवर लिहीत. त्यांचं एक वाक्य मला आठवतं: 'या घरात घडीभर शांतता अप्राप्य आहे.' गुरुजींनी ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "दुर्मिळ."

"मले एक महिना माहेरी पाठवा, मंग पाहा कशी भरपूर होते ते."

मला गंमत वाटायची आणि कुतूहलही. पांढुर्णा मध्य प्रदेशात, म्हणून आमचं कॉलेज हिंदीतून चाले, आणि हिंदीतही हाच शब्द. एकदा मला एक संदर्भग्रंथ हवा होता. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या बाबूंनी चिठ्ठीवर शेरा मारून ती परत केली: 'अप्राप्य'. मी आनंदाने चिठ्ठी घेऊन घरी आलो. वाटलं, आता गुरुजींना एक खरं वाक्य मिळालं, तेही कागदावर. गुरुजींनी टोपी नीट केली आणि माझ्याबरोबर ग्रंथालयात आले. बाबूंना विचारलं, "पुस्तक आहे का?"

"आहे, पण उस कपाट की चाबी बड़े बाबू के पास है. वो छुट्टी पर हैं."

परतताना गुरुजी म्हणाले, "कुलूप. लोक कुलपालाही हा शब्द वापरून राहिले." त्यांचा स्वर दुखावलेला होता, जणू कोणी त्यांच्या ओळखीच्या माणसाला खोटं नाव दिलं होतं.

एकदा सुटीत घरी गेलो तेव्हा मी हे सगळं वडिलांना सांगितलं. ते संत्र्याच्या तोडीवरून आले होते, हातांना पानांचा वास होता. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "शेंड्यावरचं संत्रं. शिडी पुरत नाई, फांदी वजन घेत नाई. ते राहतेच." मी परत येऊन ते पाटीवर लिहिलं. गुरुजी पहिल्यांदाच थबकले. मग म्हणाले, "पुढे काय होतं त्याचं?"

"पिकून पडतं. मग कोणीही उचलतं."

"म्हणजे थांबावं लागतं, एवढंच. पण वडिलांना सांग, जवळ आले होते."

मी सांगितलं. वडील त्या दिवशी खूश होते.

गुरुजींच्या आणखी दोन सवयी होत्या, आणि त्यांचा पाटीशी संबंध आहे हे मला आधी कळलं नव्हतं. एक म्हणजे ते काहीही फेकत नसत. संत्र्याची साल असो की जुना कागद, टोपलीपाशी जाऊन, वाकून, आत ठेवत. मी वर आणि माझ्या पेटीची चावी खाली त्यांच्याकडे राहिली, तर मी खिडकीतून म्हणायचो, "टाका ना गुरुजी, झेलतो." ते जिना चढून येत, माझ्या तळहातावर चावी ठेवत आणि परत उतरत. गुडघे दुखत असले तरी. गल्लीतली पोरं चेंडू त्यांच्या अंगणात गेला की हळहळत, कारण गुरुजी तो घेऊन स्वतः चालत येणार आणि तोवर खेळ थांबणार.

दुसरी सवय अशी की ते जाम नदीवरचा पूल ओलांडत नसत. पलीकडे सावरगाव. पांढुर्ण्यातून सावरगावला जायचं म्हणजे घरातून बाजारात जाण्यासारखं. माणसं दिवसातून चारदा ये-जा करतात. गुरुजी रोज संध्याकाळी फिरायला निघत, पुलापर्यंत जात, कठड्याला हात लावत आणि परत फिरत. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ सावरगावात राहत होता.

कारण काकूंनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, मलाच नव्हतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत गोटमार होते. पात्राच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा, आणि दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड मारतात. आमच्या बाजूच्या गावांतली माणसं हे ऐकून असतात. मला वडिलांनी बजावलं होतं, त्या दिवशी खोलीबाहेर पाऊल टाकू नको. गुरुजींचा भाऊ लग्नानंतर सासुरवाडीला, सावरगावात, राहायला गेला. म्हणजे तो काठ बदलून गेला. गुरुजींना ते आवडलं नव्हतं. एरवी ते गोटमारीला काठावर नुसते उभे राहत. त्या वर्षी त्यांनीही दगड उचलले. आणि त्याच वर्षी भावाचा डावा डोळा गेला.

"कोनाचा दगड लागला, देव जाने," काकू म्हणाल्या. "हजार हात होते. पन यायनं तेव्हापासून गोटा काय, खडा नाई फेकला. अन् पूल नाई ओलांडला."

म्हणजे गुरुजींना हवं होतं ते एवढंच: तो दगड त्यांचा होता की नव्हता.

भाऊ मात्र येत असे. गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी दरवर्षी, भुट्ट्यांचं पोतं खांद्यावर घेऊन, डोळ्याची मिटलेली पापणी आणि मोठं हसू घेऊन. मी त्यांना काका म्हणायचो. ते आले की घर भरून जायचं. आल्याआल्या पाटीपाशी जायचे. माझ्या शेवटच्या वर्षी त्यांनी मोठ्याने वाचत वाचत लिहिलं, 'दादा माह्या घरी येनं अप्राप्य हाये.'

"वहिनी, आता तरी चहा देशीन का नाई? वाक्य झालं."

गुरुजी पाटीकडे न पाहता म्हणाले, "सावरगाव काही लांब नाही."

"थेच तं म्हनतो मी. लांब नाई, पैसा लागत नाई, मोटर लागत नाई. मंग अप्राप्य नाई तं काय हाये हे?"

काकूंनी चहा आणला. काका कितीतरी वेळ पिकाचं, पाण्याचं, पोरीच्या लग्नाचं बोलत बसले. निघताना म्हणाले, "येतो दादा," आणि गुरुजी दारापर्यंत गेले, ओट्यावरून त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले.

मग ते आत येऊन बसले. काकूंनी भाजलेला भुट्टा समोर ठेवला होता, तो तसाच. मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "गुरुजी, हा शब्द तुम्ही त्या दगडासाठीच ठेवला आहे का?"

त्यांना राग येईल असं वाटलं. आला नाही. उलट एखादा अवघड धडा शेवटी कोणी तरी विचारावा तसे ते बोलायला लागले.

"पाहा बाबू. तो दगड कोणाचा तरी होता. म्हणजे उत्तर आहे. नाही असं नाही, म्हणून ते अशक्य नाही. पैशाने मिळत नाही, म्हणून महाग नाही. थांबून मिळणार नाही, तुझ्या वडिलांच्या संत्र्यासारखं पिकून पडणार नाही. आहे, आणि तिथं वाट जात नाही. याला मी अप्राप्य म्हणतो. इतकी माणसं आली, इतकी वाक्यं झाली, मला वाटायचं कोणी तरी दुसरं असं एक दाखवेल. म्हणजे हे एकटं राहणार नाही."

"काकांना विचारलं कधी?"

गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परक्या गावचा आहे हे त्यांना आत्ताच आठवलं असावं.

"गोटमारीच्या दगडाला नाव विचारत नाहीत. ज्याला लागला तो विचारत नाही, ज्यानं मारला तो सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सगळे एकमेकांकडे जातात, चहा पितात. विचारायला लागले तर दोन गावं उरतील का? ही इथली रीत आहे. माझ्या बापानं विचारलं नाही, मी कसा विचारू?"

मी खाली पाहत होतो. पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं आणि मला ते गिळायचं होतं. माझी शेवटची परीक्षा बाकी होती. ही खोली गेली असती तर पांढुर्ण्यात दुसरी मला कोणी दिली नसती, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण मला हे सगळं शिकवलं होतं ते त्यांनीच. मी फार हळू बोललो.

"गुरुजी, मग ही मनाई झाली."

त्यांनी समोरचा भुट्टा बाजूला सारला.

"तुम्हीच सांगितलं होतं," मी म्हणालो. "मनाई माणसाने केलेली असते. दोन्हीची गल्लत करू नको म्हणून."

काकू चुलीपाशी होत्या. त्यांचा हात थांबला. गुरुजी उठले, पाटीपर्यंत गेले, काकांचं वाक्य पुसलं. शब्द पुसला नाही. मग टोपी खुंटीला अडकवली आणि आतल्या खोलीत गेले. मी त्यांना बोडक्या डोक्याने पहिल्यांदा पाहिलं. एकदम म्हातारे दिसले.

त्यानंतर मी होतो तोवर त्यांनी मला पुन्हा वाक्य करायला सांगितलं नाही. खोली मात्र राहिली. सकाळी काकू चहा देत, तसाच देत. एकदा मी विचारलं, "गुरुजी रागावले का माझ्यावर?" काकू म्हणाल्या, "रागावले असते तं बोलले असते. ते विचार करून राहिले. मोठा आवाज येते त्यायच्या विचार कराचा, मले झोप नाई लागत." मी परीक्षा दिली, पेटी बांधली, पाया पडलो. गुरुजींनी डोक्यावर हात ठेवला आणि "येत जा" एवढंच म्हणाले. मग मी एम.ए.साठी नागपूरला आलो. मधल्या काळात पांढुर्ण्याला जाणं झालं नाही. खरं सांगायचं तर जायची हिंमत झाली नाही. एका म्हाताऱ्या माणसाजवळ जे एकच होतं, ते मी काढून तर घेतलं नाही ना, असं वाटत राही.

परवा सुटीत घरी जायचं होतं. संत्राबाजारात सौंसरकडचा एखादा रिकामा ट्रक परत जाताना मिळाला तर पाहावं म्हणून गेलो. गवताच्या थरांत संत्री रचलेल्या ओळींतून चालत होतो, तर मागून हाक आली, "अरे वाक्यवाल्या!"

काका होते. बागेचा माल घेऊन आले होते. मला ढिगाशेजारी बसवलं, दोन संत्री हातात दिली, वडिलांची चौकशी केली. मी गुरुजींचं विचारायला घाबरत होतो. त्यांनीच सांगितलं.

"दादा आला होता ना बे. पूल ओलांडून."

मी हातातली संत्री खाली ठेवली.

"यंदा गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी मी भुट्टे घेऊन निघालो. पुलावर चढतो, तं समोरून दादा येऊन राहिला. टोपी घालून. मले वाटलं वहिनीले काही झालं. पुलाच्या मधात गाठलं त्यानं मले. घरी येईपर्यंत दम नाई निघाला. सायकलवाले घंट्या मारून राहिले, अन् हा मले विचारते, 'तो दगड माझा होता का रे?'"

"मग?"

"मंग काय. म्या सांगतलं. तुहाच होता म्हनलं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पाह्यलं होतं ना म्या. साऱ्या काठावर पांढरी टोपी घालून दगड मारनारा मास्तर एकच होता. हात उचलला तेव्हाच दिसला मले. तेव्हा दोन डोळे होते, चांगला दिसला."

ते हसले. मला हसता येईना.

"काका, मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"त्यानं विचारलं कुठी?" काका म्हणाले. "आपल्या इकडं कोनी सांगत नाई. पन विचारलं तं मी खोटं काहून बोलू? मी दरसाल जात होतो ना त्याच्या घरी. मले वाटे, त्याले समजलं असंन."

पलीकडे एक हमाल ओरडत होता, वाट सोडा म्हणून. आम्ही पाय आखडून घेतले.

"रडले का गुरुजी?"

"नाई. कठड्याले धरून उभा राह्यला. मले वाटलं आता परत फिरते. नाई फिरला. म्हने, 'चल.' घरी आला, पोरीच्या हातचं पानी पेला. मंग म्हने, 'जेवायला काय आहे?' दिवस बुडेपर्यंत बसला. जाताना तुही आठवन काढली. म्हने, त्या पोरानं माझं वाक्य खोडलं."

बोलता बोलता सौंसरकडचा ट्रकही मिळाला होता. ड्रायव्हर हॉर्न देत होता. काकांनी माझ्या पिशवीत आणखी संत्री भरली. मी उठलो, आणि मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "आणि पाटी?"

"वहिनीनं माठावर झाकली हाये," काका म्हणाले. "बरोब्बर बसते म्हने."